विलासच्या कॅसेटमधले अकरा सेकंद

आधीच सांगून टाकतो... मी साउंडवाला माणूस. माझी वीस वर्षं भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर आणि माईक यांच्यात गेली. स्पीकरमधून कुणी कण्हल्यासारखा आवाज आला तर लोक हात जोडतात, मी वायर तपासतो. ओतूरला एसटी स्टँडसमोर माझं कॅसेट रेकॉर्डिंगचं दुकान होतं. तिथं एकदा एक बाई टेपरेकॉर्डर घेऊन आली आणि म्हणाली, यात माझा मेलेला सासरा बोलतो. मी झाकण उघडलं, हेडवरची घाण स्पिरिटनं पुसली. सासरा गप्प झाला. भूत, भानामती, करणी या सगळ्यावर माझा एवढाच विश्वास - स्पिरिट आणि कापूस.

त्यामुळं पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तीही यात येईल. ती टाळून हे सांगताच येत नाही.

अठ्ठ्याण्णवच्या आसपासची गोष्ट. आमच्या जुन्नर तालुक्यात एक रॉक बँड होता, असं सांगितलं तर पुण्याची माणसं हसतात. तमाशा ठीक, ऑर्केस्ट्रा ठीक... रॉक बँड? पण होता. नाव 'कातळ'. गाणारा आणि गिटार वाजवणारा विलास, आणे गावाच्या पठारावरचा, तेवीस वर्षांचा, काटकुळा. ड्रमवर दत्ता - हा माझ्या गावचा, पिंपळवंडीचा, त्याच्यामुळंच माझी नि विलासची ओळख. आणखी दोघं होते, ते या गोष्टीत येत नाहीत.

गाणी विलासची स्वतःची, त्याच्या घरच्या बोलीतली. एसटीची वाट बघणाऱ्या पोरीचं एक, टँकरवाल्याची नक्कल करत म्हटलेलं एक. शब्द साधे, पण गिटार असं फाडायचा की कॉलेजची पोरं खुर्च्यांवर चढायची. बँड स्टुडिओत कधी गेलाच नाही. जे काही होतं ते यात्रांमध्ये, गॅदरिंगमध्ये वाजवलेलं. आणि ते सगळं माझ्याकडं, कारण साउंड माझा असायचा आणि मिक्सरवरून एक वायर काढून मी डेकवर टेप करून ठेवायचो. पोरं दुकानात येऊन विचारायची, "संपतभाऊ, कातळची वरिजनल कॅसेट कधी येणार? कव्हरवाली?" विलास तिथं असला तर म्हणायचा, "आली का पयली तुलाच. फोटोवर सही करून."

त्या वर्षी चैत्रात पठारावरच्याच एका गावची यात्रा होती. नाव लिहीत नाही, गावाचा काही दोष नाही. रात्रीला तमाशा ठरलेला, म्हणून कातळला दुपारची वेळ मिळाली - तीन ते साडेचार, कुस्त्यांच्या आधी. डोक्यावर उपरणं टाकून माणसं उन्हात उभी. निम्मी पोरं खास विलाससाठी आलेली, काही तर थेट घोडेगाव-मंचरहून मोटरसायकलवर. बाकीचं गाव कुस्त्यांना जागा धरून बसलेलं.

लाईटचा भरवसा नव्हता, म्हणून जनरेटर लावला. जनरेटर म्हटलं की अर्थिंग नीट पाहिजे, नाही तर करंट माईकमध्ये आणि गिटारमध्ये उतरतो. जमिनीत लोखंडी गज ठोकायचा, भोवती पाणी ओतायचं, त्याला वायर बांधायची. मी ठोकला. वीतभर गेला आणि खाली खडक. दुसरीकडं ठोकला, तिथंही खडक. गज वाकला. पाणी तर पठारावर प्यायलाच मोजून. मी वायर त्या वाकड्या गजाला गुंडाळली आणि सोडून दिली.

माईक तपासताना विलास माझ्याकडं आला. "संपतभाऊ, माईकला वठ लागला का चटका बसतोय राव. बारीक न्हाई, चांगला बसतोय."

मी घामानं भिजलेलो, सकाळपासून जेवण नाही, चार पोरं आजूबाजूला उभी. मी म्हणालो, "रॉक रॉक करतो ना? मग झटका नको व्हय?"

पोरं हसली. तोही हसला. मी त्याला माईकवर घालायचा स्पंज दिला. "ह्ये घाल, वठ लागायचा नाय. दोन गाणी होऊ दे, मग बघतो."

दोन गाणी झाली. पाच झाली. मी बघितलं नाही.

शेवटचं गाणं 'धूळ'. हंडा घेऊन टँकरच्या वाटेवर बसलेल्या बाईचं गाणं. त्याच्या शेवटी 'पाणी' हा एकच शब्द विलास दम संपेपर्यंत ओढायचा, पोरं घड्याळ लावून बघायची आज किती ओढतोय ते. स्पंज कधी पडला मला दिसलं नाही. विलास माईकला अगदी चिकटून उभा होता, दोन्ही हात गिटारच्या तारांवर. "पा..." म्हणाला आणि...

मी हेडफोन लावून बसलो होतो. जो आवाज आला तसा मोठा, तसा खरा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. आणि हे मी आज पहिल्यांदा लिहितोय - मला तो आवडला. मला वाटलं, आज पोरगं पेटलंय. मी त्याच्या माईकचा आवाज वाढवला.

समोर शिट्ट्यांचा पाऊस. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

दत्ताला कळलं. तो मागून विलासची पाठ बघत होता. ड्रम लाथाडून तो स्टेजमागं पळाला आणि त्यानं जनरेटर बंद केला. विलास गिटारसकट आडवा झाला. तरी शिट्ट्या चालूच. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

जीपमध्ये आळेफाट्यापर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टरनं नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मग स्वतःचं घड्याळ बघितलं. सामान आवरायला मी परत घाट चढून गेलो, तेव्हा मैदानात हलगी वाजत होती. कुस्त्या सुरू झाल्या होत्या.

पंचनाम्यात अपघात असं आलं. गजाबद्दल कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

आता टेपबद्दल नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास. बी साईडला 'धूळ' शेवटचं. माझा डेक त्याच जनरेटरवर चालत होता. जनरेटर बंद म्हणजे डेक बंद. म्हणून रेकॉर्डिंग तिथंच विरत विरत थांबलेलं. 'पा'पासून थांबेपर्यंत अकरा सेकंद. मी दुकानात बसून घड्याळ लावून मोजले होते. त्यापुढं साडेसात मिनिटांची पट्टी साफ कोरी.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजची पोरं दुकानात आली. रडत होती. म्हणाली, शेवटच्या कार्यक्रमाची कॉपी द्या. मी दिली. शेवट कापून द्यायला पाहिजे होता, सुचलंही होतं... पण नाही कापला. त्या कॉपीवरून कॉप्या झाल्या. ओतूर, जुन्नर, मंचर, मग पुण्याची होस्टेलं. पुढं पुढं तर नुसती खरखर, तरी पोरं ऐकायची. सहा-सात वर्षांत कातळ एवढा मोठा झाला की विलास असताना त्याच्या निम्म्यानंही नव्हता. आणि मोठा झाला तो त्या अकरा सेकंदांवर. गाण्याचं नाव कुणी घेत नसे. "अकरा ऐकलं का?" असं विचारायचे. एकदा नारायणगावच्या बाजारात कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि मी हातातली पिशवी टाकून दिली. त्यानं रिंगटोन लावला होता.

दोन हजार सहाला मंगेश आला. मंचरचा, पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत, वय पंचविशीच्या आत. विलासला त्यानं प्रत्यक्ष कधी बघितलं नव्हतं. इंटरनेटवर त्यानं कातळच्या चाहत्यांचा ग्रुप काढलेला, त्यावर रोज भांडणं - यात्रांची रेकॉर्डिंग अधिकृत का येत नाहीत, मूळ मास्टर टेप कुणी दाबून ठेवल्यात. शोधत शोधत तो माझ्यापर्यंत पोहोचला. पुण्याची एक छोटी कंपनी सीडी काढायला तयार होती. मास्टर द्या आणि वारसाची सही आणा, एवढंच.

मी दत्ताला फोन केला. तो तेव्हा एसटीत कंडक्टर होता. तो म्हणाला, "शेवटचं गाणं सोडून काय काढायचं ते काढा. त्ये काढलं तर माझ्या दारात यायचं नाय."

मंगेशला हे सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "दादा, मग रिलीजला अर्थच काय? लोकांना तेच ऐकायचंय. आणि स्वच्छ ऐकायचंय."

एका रविवारी सकाळी मी मास्टर घेऊन मंचरला त्याच्या घरी गेलो. डेकही माझाच नेला, डोळ्यांत तेल घालून साफ केलेला. त्यानं तो कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर आवाजाच्या लाटा पुढं सरकत होत्या, खाली सेकंद पडत होते. गाणी छान उतरली. मग 'धूळ' आलं. "पा..."

अकरा झाले. थांबलं नाही.

बारा, तेरा... मी आकड्यांकडं बघत होतो. एकोणीस सेकंदांनी ते विरत थांबलं.

मंगेश खुर्चीतून उठलाच. "दादा! म्हणजे कॉप्यांमध्ये कापलेलं होतं! मास्टर मोठी आहे!"

मी म्हणालो, "कापलेलं नव्हतं. कॉप्या मीच केल्यात. मीच मोजलंय."

"मग चुकला असाल मोजायला."

त्यानं परत लावली. सव्वीस.

मला पहिल्यांदा सुचलं ते कुठल्याही साउंडवाल्याला सुचेल तेच - मोटर हळू चालतेय. पण मोटर हळू चालली तर आवाज जाड होतो. आधीची गाणी तपासली, सुरात होती. पट्टी ताणली म्हणावं तरी तेच. आणि पट्टी ताणून पंधरा सेकंद वाढत नाहीत. मुख्य म्हणजे अकराव्या सेकंदानंतर या डेकला त्या दिवशी करंटच नव्हता. जे टेप झालंच नाही ते वाजत होतं.

आणखी एक. कॉम्प्युटरमध्ये उतरवलेलं मागं जाऊन ऐकलं, तर त्यात अकराच सेकंद, पुढं नुसती सूं. पडद्यावर लाटा आम्ही दोघांनी बघितल्या होत्या. मंगेश वैतागला. "कुठंतरी सेटिंग चुकतंय. परत घेऊ."

त्यानं सात वेळा घेतलं. दर वेळी टेपवर लांबलं, दर वेळी कॉम्प्युटरमध्ये अकरा. सातव्यांदा चाळीस सेकंद होतं. खरं सांगतो, लांबीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीनं घाम फुटला. मागं शिट्ट्या होत्या, "वन्स मोअर" होतं. ते सुरुवातीलाच, अकरा सेकंदांत संपत होतं. पुढं एकटा विलास. पुढं कुणीही नाही.

मी कॅसेट काढून खिशात घातली. मंगेश म्हणाला, "तुम्ही घाबरलात काय दादा? हे तर सोनं आहे." मग म्हणाला, "चला, सही घेऊन येऊ."

विलासची आई, पारूआक्का, आण्याच्या पुढं वस्तीवर राहायची. नवरा विलास लहान असतानाच गेलेला. दुसरं मूल नाही. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, दारात चूल. आम्ही दुपारी पोहोचलो. मंगेशनं पेढे आणले होते, हार आणला होता, टेप वाजवायला टू-इन-वन आणला होता. विलासच्या फोटोला हार घातला, फोटोसमोर उभा राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. मग कागद काढले.

"आक्का, आम्ही विलासदादाला अमर करतोय. तुम्ही फक्त इथं अंगठा द्या."

"देते की," आक्का म्हणाली. "पन आदी ऐकू तर द्या. म्या त्याचं कवा ऐकलंच न्हाई. यात्रंला गेले न्हवते, मागं आमच्याकं टेप न्हाई. लोकं म्हंत्यात तुझा इलास लई गातो. म्या आपलं म्हंते, गात आसंल."

आठ वर्षं झाली होती. अख्ख्या तालुक्यानं ऐकलं होतं. तिच्याकडं कॅसेट न्यावी हे कुणालाच सुचलं नव्हतं... मलासुद्धा.

ए साईड लावली. शेजारच्या दोन बायकाही येऊन बसल्या. आक्का कान टेपला लावून ऐकत होती. टँकरवाल्याची नक्कल आली तिथं तोंडाला पदर लावून हसली. "मेला, ल्हानपणापासनं आसाच." मग स्वतःच्याच शब्दावर अडखळली, आणि पदर तसाच तोंडाला धरून राहिली.

बाजू संपली. मी म्हणालो, "दुसरी बाजू खराब झालीय, आक्का."

"आसू दे खराब. लाव."

मी मंगेशकडं बघितलं. त्यानं नको म्हणून मान हलवली असती तर मी तिथंच पट्टी तोडली असती. तो म्हणाला, "लावा ना दादा. त्यांचा हक्क आहे."

'धूळ' सुरू झालं तेव्हाच मी घड्याळ बघायला लागलो होतो. सवय. "पा..." झालं. पहिले अकरा सेकंद मंगेश डोळे मिटून मान हलवत होता. शेजारणी उठून गेल्या. अर्धा मिनिट. मिनिट. एक मिनिट दहा सेकंदांनी ते थांबलं. मधेच आक्का उठली होती. तिनं हंड्यातून तांब्याभर पाणी घेतलं आणि टेपच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"पाणी मागतोय त्यो," ती म्हणाली.

आणि मंगेशनं... मी त्याला दोष देणारा कोण? पण त्यानं कागद पुढं केलाच. "आक्का, इथं."

आक्का त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती मला म्हणाली, "परत लाव."

मी परत लावली.

संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा कॅसेट तिच्या मुठीत होती. मंगेशनं हात जोडले, पाया पडला, शेवटी आवाज चढवून म्हणाला, "हजारो लोक वाट बघतायत हो याची!"

"तुमी लई ऐकलंत," आक्का म्हणाली. "आता माझं हाय. आन त्यो डबा बी ठिवून जा."

मंगेश टू-इन-वन ठेवून आला, उद्या-परवा तिचं मन वळेल या आशेनं. ते वळलं नाही. पुढं महिनाभर त्याच्या ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं ते माझ्या पुतण्यानं मला वाचून दाखवलं. संपतनं मास्टर परदेशात विकली. म्हातारीला कलेतलं काय कळतंय. एकानं लिहिलं, किती दिवस जगणार आहे ती, थांबू की. त्याच्याखाली खूप जणांनी हसून दाद दिली होती.

पंधरा-वीस दिवसांनी आण्याच्या किराणा दुकानातून फोन आला. पारूआक्काचा निरोप - टेप आडकली, येऊन बघ.

मी एकटाच गेलो. वाटेत ठरवलं होतं, आज सांगायचं. पट्टी रोलरमध्ये गुंतली होती, ती सोडवता सोडवता मी तिच्याकडं न बघता सगळं सांगितलं. गज वाकला ते. चटका बसतोय म्हणाला ते. मी त्याची काय थट्टा केली ते. आवाज वाढवला, तेसुद्धा.

ती परातीत भाकरीचं पीठ मळत होती. हात थांबला नाही. मला वाटलं शिव्या देईल, माती फेकेल, काहीतरी करील. तिनं भाकरीचा उंडा वळून ठेवला आणि म्हणाली, "झाली का नीट?"

"झाली."

"मंग येत जा. बिघडली का येत जा."

एवढंच. त्याच्यानंतर मी किती वेळा गेलो याची गणती नाही. बेल्ट तुटला, गेलो. हेड झिजलं, बदललं. टू-इन-वन शेवटी निकामी झाला, तेव्हा माझ्याच दुकानातला डेक आणि स्पीकर नेऊन बसवला. वस्तीवरचे लोक मला म्हणायचे, "पावणं, तिला सांगा की कायतरी. सकाळ झाली का लावती. आमच्या म्हशी दूध आखडाया लागल्या."

मी एकदा सांगितलं. म्हणालो, "आक्का, नका ऐकत जाऊ. दर वेळी वाढतंय ते. तुम्हाला कळतंय का?"

"मला न कळाया काय झालं?" ती म्हणाली. "पयल्या दिशी उंडा वळून व्हईस्तवर गप व्हायचा. आता भाकर थापून व्हती, तव्यावर पडती, पलटती, फुगती... तरी आसतोय."

"अहो, पण तो ओरडतोय. त्याला त्रास होतोय त्यात. तुम्ही लावता तेवढ्या वेळा त्याला..."

तिनं तव्यावरची भाकरी हातानंच काढली आणि चुलीच्या आराला उभी केली. "संपत, आठ वरसं माझं पोरगं टीचभर येळात मेलं व्हतं. घोट गिळाय लागतो ना, तेवढ्यात. आता जरा जास्त जगतंय. वराडतंय, मला का दिसत न्हाई? पन वराडतंय म्हंजी हाय."

मी घड्याळ काढून मोजलं. दोन मिनिटं चाळीस.

मला ठाऊक आहे, वाचणारे काय म्हणतील. मला अपराधी वाटत होतं, म्हणून भास झाला. असं असतं तर बरं झालं असतं. मी माझ्याबरोबर एकाच वेळी आणखी दोघांना मोजायला लावलं, काय मोजताय ते न सांगता. आकडा तोच आला. मी रिकामी कॅसेट त्याच डेकमध्ये घालून बघितली, काही नाही. त्याच कार्यक्रमाच्या जुन्या कॉप्या गोळा करून बघितल्या, सगळीकडं अकरा. फक्त तिच्याकडची. मी स्पिरिट आणि कापूस घेऊन बसायचो, हेड पुसायचो, आणि लावली की विलास गप्प होत नसे.

दत्ताला एकदाच नेलं. तो दारापर्यंत आला, आतून आवाज ऐकला आणि तसाच वळून चालत रस्त्याला गेला. त्यानंतर त्यानं मला फोन केला नाही.

दोन वर्षांनी, आंब्याच्या दिवसांत, आक्काचा पुन्हा निरोप आला. गेलो तर डेक ठणठणीत होता. ती अंगणात बसली होती, कॅसेट मांडीवर. फार वाळली होती. तिनं कॅसेट उचलून उन्हात धरली आणि मधल्या छोट्या खिडकीवर बोट ठेवलं.

"हितनं दिसतंय बघ. ह्या चाकावरची पट्टी सरत आलीया. मागल्या म्हैन्यात बोटाएवढी ऱ्हायची. आता दोऱ्याएवढी ऱ्हाती."

मी लावून मोजलं. सात मिनिटं आणि वर काही सेकंद. ती म्हणत होती ते बरोबर होतं. साईड संपायला अर्धं मिनिटही उरलं नव्हतं.

"सरली म्हंजी काय व्हईल?" तिनं विचारलं.

"डेक आपोआप बंद पडेल."

"आन त्यो?"

मला माहीत नव्हतं. मी तेच म्हणालो, मला माहीत नाही आक्का.

तिनं कॅसेट माझ्या हातात दिली. "मंग फुडं कोरी जोड."

मी म्हणालो, "आक्का, संपू द्या. सुटेल बिचारा."

"तू सांगू नगंस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. "तू जोड."

माझ्या पिशवीत नवी कॅसेट होती. चिकटपट्टी होती, ब्लेड होतं. मी ओट्यावर बसलो, बारीक स्क्रू काढले. उन्हानं पट्टी चमकत होती. ब्लेड एकदा जरा तिरकं गेलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि तिला कधी कळलंही नसतं. मला ते सुचलं होतं. पण वीस वर्षांचा हात, तो चुकला नाही.

हे कसं होतं, का होतं, त्याच एका टेपवर का होतं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. कुणाकडं असेल तर कळवा, पण मोटर आणि बेल्ट सोडून काहीतरी सांगा. ते सगळं तपासून झालंय.

मी पंधरा मिनिटांची पट्टी जोडली. स्क्रू घट्ट केले आणि तिच्या हातात दिली. तिनं खिडकीतून बघितलं, चाक भरलेलं दिसलं तशी मान हलवली. मग आत जाऊन लावली, आणि परातीत पीठ घेतलं.